सर्व संबंधित

इतिवृत्त टाइप करायला मला बसवलं,
कारण असोसिएशनमध्ये मराठी टायपिंग माझं एकटीचं बरं.
पाच रकाने. क्रमांक, मुद्दा, निर्णय, मुदत
आणि कडेला, सगळ्यांत अरुंद: जबाबदारी.

बैठक कशाची, ते पुण्यात सांगावं लागत नाही.
बोगदा संपतो, उतार लागतो,
दरीपुलावर गाडी अजून ऐकत असते,
नवले पुलाच्या अलीकडे ऐकेनाशी होते.
या वेळी आमची होती. चौदा चाकी.
शिरोलीहून चाकणला, ओतीव हाउसिंग,
बिल्टीवर अक्षर माझं.

बसलिंग हत्तरगे ससूनमध्ये आहेत,
दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, दाराशी हवालदार.
एफआयआरमध्ये रकाने नसतात.
तिथे एकच नाव, पूर्ण, गावासकट.

परिवहनचे शेंडगे साहेब म्हणाले, फिटनेस मार्चपर्यंत होता.
होता. त्या दिवशी वरचा चहा मीच पाठवला होता.
रस्तेवाले म्हणाले, उतार नियमात बसतो.
बसत असेल.
कंपनीकडून आलेला मुलगा, कोरा शर्ट, कोरा लॅपटॉप,
म्हणाला, आमचा करार गेटपासून सुरू होतो.
त्याच गेटवर उशिराला तासाला बाराशे दंड आहे
हे कुणी काढलं नाही,
आणि मी टाइप करायला बसले होते, बोलायला नाही.
शेठ डिझेलच्या भावावर बोलले, बराच वेळ.
ट्रॅफिकचे साहेब उभ्याउभ्याच दोन बिस्किटं घेऊन गेले,
खाली कोंडी होती.

डिझेल किलोमीटरवर ठरलेलं. उरलं तर ड्रायव्हरचं,
कमी पडलं तरी ड्रायव्हरचंच.
म्हणून उतारावर न्यूट्रल.
हत्तरगे हिशोबाला यायचे तेव्हा हसून म्हणायचे,
"घाट देतो की मॅडम आपल्याला, शेठ देत नसले तरी."
ते वाक्य मला माहीत होतं.
दोन वर्षं माहीत होतं.

माझे वडील वजनकाट्यावर होते.
म्हणायचे, वजन गाडीवर नसतं गं, एक्सलवर असतं.
टायर वाचवायला मागचा एक्सल उचलून धरतात,
तेव्हा ते वजन कुठे जात नाही,
शेजारच्या चाकांवर जातं.
उचललेलं चाक झिजत नाही, तापत नाही,
मोजायला गेलं तर मात्र चौदात असतं.
त्या हॉलमध्ये मी मोजत बसले.

ठरलं ते असं: रंबल पट्ट्या, फलक,
प्रबोधन, एक उपसमिती.
सर्व संबंधित.
सर्व संबंधित.
कॉपी, पेस्ट. सर्व संबंधित.

सहाव्या मुद्द्याशी बोट अडलं.
'निघण्यापूर्वी ब्रेकची तपासणी.'
गाडी शिरोलीत भरत होती तेव्हा
मी निगडीत, डब्यातली मेथी संपवता संपवता,
बारा चौकोनांत बारा बरोबरच्या खुणा केल्या होत्या.
आठवा चौकोन ब्रेकचा.
बॅकस्पेस दाबून ठेवलं.
सुलक्षणा रंगनाथ वाघचौरे, लिहिलं.
रकाना अरुंद, नाव तीन ओळींत मोडलं.

कुणी वाचलं नाही. सह्या झाल्या.
शेंडगे साहेबांनी पेनही माझंच नेलं.

आता साडेसात. ट्रान्सपोर्टनगरची मागची गल्ली,
रात्री शिरोलीला जाऊन उद्या चाकणला यायची गाडी.
मी खाली, पोत्यावर, दातांत टॉर्च,
ओढणी कमरेला खोचलेली.
केबिनमध्ये नवा ड्रायव्हर, त्याला हे सगळं वेड वाटतंय.
दाबा, म्हटलं. फुस्स.
सोडा. परत दाबा.
उजवीकडचे लिव्हर हलतात.
मागचा डावा जागेवर.
परत दाबा.

फोन वाजतोय, चाकणचा नंबर.
हात ग्रीसचे आहेत.
वाजू दे.